एरिथ्रोसीन अजून आला नाही

द्रव वर्णलेखनात कॉलममधून बाहेर पडायला प्रत्येक रंगाला ठरावीक वेळ लागतो. त्याला रिटेन्शन टाइम म्हणतात. पिंपळगाव राजाहून खामगावला जाणाऱ्या एस.टी.ची वेळही अशीच ठरलेली असते, म्हणजे निदान फलकावर.

समजा, पिंपळगावच्या बाजारातली जिलबी तपासायची आहे. मिठाईत मंजूर कृत्रिम रंग किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो; मेटानिल यलो मुळीच चालत नाही. सी-१८ कॉलममधून टार्ट्राझीन आधी सुटतो, सनसेट यलो मागून येतो आणि एरिथ्रोसीन लग्नघरातल्या मामासारखा सगळ्यांत शेवटी हलतो. ओळख मुख्यतः वेळेवरून पटते, त्यामुळे वेळ सरकली की जिलबीवाला नाहक संशयात. वर्णलेखन शोधणाऱ्या त्स्वेतला हा ताप नव्हता. त्याने खडूच्या भुकटीत पानांतले रंग वेगळे केले, ते डोळ्यांना दिसत होते. १९०६ साली त्याने या पद्धतीला नाव दिले. त्याच्या आडनावाचा रशियन अर्थही रंगच.

वेळ सरकली, तर आधी युरॅसिल पाहावे. ते कॉलममध्ये जवळजवळ थांबतच नाही. तेही उशिरा आले तर गाडीच रेंगाळते आहे: पंपात हवेचा बुडबुडा, अडकलेला व्हॉल्व्ह, नाहीतर गळती. युरॅसिल वेळेवर आणि रंगच मागे, तर मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारे मेथॅनॉल-पाण्याचे मिश्रण, तपासावा. ५०० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये ५०० मिलिलिटर पाणी ओतले तर लिटर भरत नाही, कारण मिश्रण आकसते. मग एक सहायक वेगवेगळे मोजून मिसळतो, दुसरा वरून पाणी घालून लिटर पुरा करतो. दुसऱ्याचे मिश्रण पातळ, त्याचे रंग उशिरा. दोघेही स्वतःला बरोबर समजतात.

वैशाखात आणखी गंमत. उघड्या बाटलीतून मेथॅनॉल उडतो आणि रंग रेंगाळतात. उलट कॉलमचे तापमान अंशभर वाढले की वेळ साधारण १ ते २ टक्के घटते. एसी साहेब आल्यावरच लागत असेल तर आलेखावरून साहेबांची हजेरी काढता येते.

सल्फोनेट रंगांना कॉलममध्ये थोपवायला आयन-जोडीचे अभिकर्मक घालतात. ते कॉलमवर नीट बसायला बराच वेळ लागतो. तोवरची इंजेक्शने धरू नयेत. संध्याकाळी घाईने फॉस्फेट बफरवर थेट शुद्ध मेथॅनॉल सोडला तर आत मीठ साचते. आधी पाणीमिश्रित मेथॅनॉलने कॉलम धुवावा, मगच शुद्ध मेथॅनॉल, आणि घरी जायची गाडी त्यानंतरची धरावी.