विलायतेतला सिनेमा, मध्यंतराविना

हॅरो, लंडन
दिवाळीनंतरचा रविवार, 2025

ती. आई-बाबांस,


इकडील सर्व क्षेम. नातवाला सर्दी आहे, पण ती इथे बाराही महिने असते. यंदा घरातला पैसा सिनेमाच्या तिकिटांत गेला. त्याचा जमाखर्च तुमच्या सूनबाई सादर करत आहेत, कारण तुमच्या चिरंजीवांचं हिशेबाचं अंग तुम्ही जाणताच.

सर्वांत मोठी गैरसोय मध्यंतराची. विलायतेत ते सहसा देतच नाहीत. हिंदी सिनेमात पडद्यावर मध्यंतराची पाटी येते, मंडळी चपला शोधू लागतात आणि पाटी विरायच्या आत गोष्ट पुढे सुरू! फेब्रुवारीत ‘छावा’ला चिरंजीव त्या पाटीच्या भरवशावर उठले. अंधारात परतताना रांग चुकली आणि ते एका गुजराती कुटुंबात जाऊन बसले. तिथे त्यांना ठेपला मिळाला, त्यामुळे त्यांनी सिनेमा संपेपर्यंत जागा बदलली नाही.

सूनबाईंचं मत मात्र ठेपल्याविना बनलेलं आहे. विकी कौशलने अंग मोडून काम केलंय, यात वाद नाही. पण शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा सिनेमा म्हटल्यावर ‘बुधभूषण’ लिहिणारा संभाजीराजाही थोडा दिसायला हवा होता. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी आरोळ्यांना जेवढी जागा दिली, तेवढी त्या पंडिताला दिली नाही. शेवटचा छळाचा भाग तर इतका लांबवलाय की नातीने जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. रहमानचं संगीत एरवी गोड, इथे परकं वाटलं. संभाजीराजे लेझीम खेळतात तो प्रसंग वादानंतर प्रदर्शनाआधीच कापला होता, त्यामुळे त्यावर भांडायची सोय राहिली नाही.

मे महिन्यात नातवाच्या हट्टापायी ‘मिशन इम्पॉसिबल’ झाला. टॉम क्रूझ विमानाला लोंबकळत होता. बाकी गोष्ट कुणालाच कळली नाही.

‘दशावतार’ला मात्र पूर्वतयारी झाली. मराठी सिनेमाचा इथे बहुधा एखादाच खेळ असतो, तोही आडवेळेला. बाहेरचं खाणं आत नेऊ देतील की नाही याची खात्री नव्हती आणि आत पॉपकॉर्न मागितलं तर ‘गोड की खारं?’ असं विचारतात. म्हणून चिवडा नातीच्या टोपीत गेला. सुरुवातीच्या जाहिराती संपता संपत नाहीत, तेवढ्यात निम्मा फस्त झाला.

दिलीप प्रभावळकर पडद्यावर आले आणि मुलांत जुंपली. नातू म्हणे, हे ‘मुन्नाभाई’तले गांधीजी. नात म्हणे, छे, हा तात्या विंचू! दोघांचंही खरं, हे अंधारात पटवता पटवता सूनबाईंची पहिली दहा मिनिटं गेली. टॉम क्रूझ बासष्टीत लोंबकळतो म्हणून जग टाळ्या पिटतं. इथे एक्याऐंशीचा माणूस रंग चढवून उभा राहतो आणि अख्खा सिनेमा खांद्यावर घेतो. डोळ्यांनी अधू होत चाललेला, तरी रंगमंच न सुटणारा बाबुली मेस्त्री त्यांनी असा उभा केलाय की चिरंजीव मोठ्याने म्हणाले, “ह्यो तर आपल्या कुडाळचोच!” पुढच्या रांगेतून “श्शू” आलं, पाठोपाठ “खंयचे तुमी?” असंही आलं.

सुबोध खानोलकरांच्या या सिनेमाचा पूर्वार्ध घरच्या अंगणासारखा. कोकणातलं रान, बापलेकाचं बोलणं, सगळं ओळखीचं. उत्तरार्धात खाणवाले खलनायक येतात आणि जे डोळ्यांना दिसत होतं तेच संवादांतून पुन्हा सांगायला लागतात. सूनबाईंना तिथे कात्री चालवावीशी वाटली. चिरंजीवांना नाही. ते तोवर रडून घेत होते.

या सिनेमावरून आता घरात नवा वाद आहे. बाबा गावच्या मांडावर पेंगत दशावताराचं नाटक बघायचे की रात्रभर जागे असायचे? चिरंजीवांच्या मते पायपेटी सुरू झाली की बाबांची झोप उडायची, आणि संकासुर आला की ते लहान मुलासारखे हसायचे. आई, खरं काय ते तुम्हीच कळवा. त्यांच्या शेजारी तुम्ही बसायचात.

डिसेंबरात सगळे तिकडे येत आहेत. जत्रेची तारीख कळवा, म्हणजे मुलांना खरा दशावतार दाखवता येईल. खाजं आधी आणून ठेवू नका, चिरंजीव जत्रेपर्यंत शिल्लक ठेवणार नाहीत. नातू विचारतोय, रात्रभराच्या नाटकाचं तिकीट किती? फुकट असतं हे सांगून झालं, त्याचा विश्वास बसत नाही.

तुमची,
सूनबाई आणि मंडळी