हीपसाहेब

शिरूरहून नगर रस्त्याने खराडीस, अथवा दौंडहून सकाळच्या गाडीने पुण्यास, लॅपटॉपची पिशवी उराशी धरून नोकरीला जाणाऱ्या तरुण मंडळींत एक गृहस्थ असे हटकून आढळतात, की इतरांच्या ग्रेडल या बिल्ड-साधनाची व्यवस्था लावण्यासाठीच आपला जन्म झाला आहे याविषयी त्यांच्या ठायी तिळमात्र संदेह नसतो. मंडळी त्यांना हीपसाहेब म्हणतात. उरुळीच्या अलीकडे गाडी सिग्नलला खोळंबली, तरी मेमरी कमी पडली असावी, असेच त्यांचे निदान!

कोणाची बिल्ड कोसळून पडद्यावर ‘आउट ऑफ मेमरी’ची तक्रार उमटली, की कारणमीमांसेच्या भानगडीत न पडता, दुष्काळात मामलेदाराने तगाई मंजूर करावी तशा औदार्याने हे ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ उघडतात आणि हीपची, म्हणजे जावाच्या वाट्याच्या मेमरीची, मर्यादा ठरवणाऱ्या एक्सएमएक्सपुढील 2 जीबीचे 4, 4 चे 6 करून मोकळे होतात. “अरे, वाढव की हीप! एवढ्या रॅमचं लोणचं घालायचंय का?” मशीनची एकंदर मिळकत 8 जीबीचीच असून तीत ब्राउझर आणि एडिटर हेही हिस्सेदार आहेत, हे त्यांच्या गावीही नसते. ग्रेडल 5 पासून डीमनला, म्हणजे ग्रेडलच्या पडद्यामागे राबणाऱ्या गड्याला, मुळात 512 एमबीच हीप मंजूर आहे आणि लहानसहान प्रकल्पांचा चरितार्थ तेवढ्यावर सुखाने चालतो, हे सांगावे, तर ते कंजूषपणाचे लक्षण ठरते.

एकदा आकडा वाढवूनही फरक पडेना, तेव्हा त्यांनी तो पुनःपुन्हा वाढवला. परंतु प्रकल्पाच्या फाइलीहून वापरकर्त्याच्या घरच्या फाइलीचा हुकूम वरचढ असतो, हा सांसारिक नियम ग्रेडललाही लागू असल्याने सारी मेहनत व्यर्थ गेली. मग घरच्या फाइलीतच त्यांनी हात घातला. प्रत्येक नव्या आकड्यासरशी नवा डीमन उभा राहू लागला, आणि जुने, बेकार डीमनही एरवी तीन तास जागा अडवून बसणारे, त्यामुळे लॅपटॉपचा पंखा रांजणगावच्या कारखान्यासारखा घोंगावू लागला.

त्यांचा खरा जीव मात्र ‘मॅक्सपर्मसाइझ’ या वडिलोपार्जित ओळीवर. ही ओळ मेमरीच्या ज्या खात्याची मर्यादा ठरवी, ते खातेच 2014 च्या जावा 8 ने बरखास्त केले. पुढील आवृत्त्या केवळ इशारा देऊन काणाडोळा करीत राहिल्या, आणि हीपसाहेब तो इशारा वाचण्याचे कष्ट न घेता ती ओळ प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या दप्तरी दाखल करीत राहिले. जावा 17 ही मुरवत ठेवीत नाही. ती ओळ दिसताच जावाचे आभासी यंत्र सुरू होण्यासच साफ नकार देते. सबब, वाचकहो, आपल्या फाइलीत ती असल्यास आजच काढून टाकावी. हीपसाहेबांना विचारू नये.