काका, तुमचा माइक चालू आहे

बडोद्यात देव पहाटे साडेपाचला येतात आणि आल्या आल्या माझ्या फोनमधली जागा खातात. आधी गणपती, मग अक्कलकोटचे स्वामी, मग सूरसागरातला १११ फुटी महादेव. त्याच्या मागे सूर्य उगवत असतो, पायाशी कमळे उमलत असतात आणि खालच्या कोपऱ्यात कुणा फरसाणवाल्याची जाहिरात असते. चित्र गुजरातीत, सुविचार मराठीत आणि पाठवणारे काका अस्सल बडोदेकर, म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका दोन्ही भाषांत करायला मोकळे.

२०१८ च्या सुरुवातीला बातमी आली होती की भारतातले फोन का गोठतात याचा गूगलवाल्यांनी शोध घेतला आणि मुळाशी निघाली ती 'शुभ सकाळ'ची चित्रे. ती हुडकून पुसायची सोयही त्यांनी करून दिली. अशी चित्रे रोज पाठवणाऱ्या मावशीला मी हे मुद्दाम ऐकवले. ती म्हणाली, "बघ, तिथवर पोचली की नाही?"

मावशी मूळची पोस्टकार्डाच्या काळातली. 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर...' हा मजकूर तिने शाईने लिहून काढलेला आहे. कार्डाला पैसे पडत, त्यामुळे पुण्याला आपोआप आळा बसे. फोन आला आणि तो आळा गेला. मग जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केले की भारतात यापुढे एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. कारण गंभीर होते, अफवांनी माणसे मारली गेली होती. पण पंचाईत झाली मावशीच्या अकरांची. तिने हिशेब बसवला: पाच, पाच आणि एक. २०२० मध्ये नवा नियम आला, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल. आता ती अकरा वेळा बोट दाबते. "कष्टाशिवाय साधना असते का रे?" असे वर मलाच विचारते.

साधनेचा विषय निघालाच आहे तर याच गावातली एक गोष्ट सांगतो. सुरतेला काँग्रेस फुटली, त्यानंतर लगेच, १९०८ च्या जानेवारीत, अरविंद घोष बडोद्याला आले होते. त्यांच्या धाकट्या भावाने, बारींद्रने, तार करून विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याला बोलावून घेतले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोघे तीन दिवस बसले. लेल्यांचे सांगणे एवढेच होते: विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधीच भिरकावून द्या. अरविंदांनी तसे केले आणि तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले.

आम्हीही बाहेरून आलेला विचार आत शिरण्याआधीच भिरकावतो. फक्त पाच जणांच्या अंगावर.

असे असूनही गुरुवारी रात्री आठला मी फोन उशीला टेकवून त्याच्यासमोर मांडी घालून बसतो, कारण दत्तबावनी, दत्ताचे बावन्न ओळींचे स्तोत्र. नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांनी ती १९३५ साली रचली. महाराज गोध्र्यात जन्मलेले मराठी, टेंबेस्वामींचे शिष्य आणि बावनी गुजराती; बडोद्याच्या मराठी माणसाला याहून घरचे ते काय असणार? बावन्न गुरुवार बावन्न पाठ करायची चाल आहे. टाळेबंदीत देवळे बंद झाली, तेव्हा आमच्या मंडळींनी पाठ व्हिडिओ कॉलवर आणले. देवळे उघडली, पाठ मात्र फोनवरच राहिले, कारण गुडघे तोवर आणखी म्हातारे झाले होते.

व्हिडिओ कॉलवर सामुदायिक पठण होत नाही, होऊ शकत नाही. प्रत्येकाचा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि दुसरे माणूस आपल्या मागे का पडले म्हणून पहिले थांबते. त्यामुळे दुसरेही थांबते. शिवाय यंत्राची समजूत अशी की एका वेळी एकाच माणसाने बोलायचे असते. ते सर्वांत मोठा आवाज पुढे करते आणि बाकीचे दाबते. मांजलपूरच्या काकूंचा कुकर हा आमच्यातला सर्वांत मोठा आवाज. तीन शिट्ट्या होईपर्यंत मुख्य गायक तोच असतो. न्यू जर्सीची भाची ऑफिसातून कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावते. आणि रावपुऱ्यातले काका कमी ऐकतात, त्यामुळे 'श्री गुरुदेव दत्त'पेक्षा 'काका, तुमचा माइक चालू आहे' याचाच जप जास्त होतो.

मध्यंतरी कारेलीबागेतल्या एका काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. त्या पडून असत, म्हणून पडद्यावर आम्हाला फक्त त्यांचा पंखा दिसे. एका गुरुवारी पाठ ऐन भरात असताना पंख्यामागून आवाज आला, "आज मी दारापर्यंत चालले." सगळ्यांनी एकदम माइक उघडले. कुठला डॉक्टर, कुठले तेल, काठी कुठल्या हातात धरावी, कोण उद्या डबा आणणार. पाठ कुठवर आला होता ते कुणालाच आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. तक्रार एकट्या काकांची. ते थांबलेच नव्हते आणि बावन्नाव्या ओळीवर पोचले होते.

मावशीच्या चित्रांनी मला कधी धीर आल्याचे आठवत नाही. या गोंधळाने मात्र येतो, हे तिच्यादेखत कबूल करायला मी तयार आहे.

तेव्हा गुरुवारी रात्री आठला जरूर या. उच्चार मराठी असोत की गुजराती, चालतात. लिंक हवी तर मला सांगा, तुम्हाला एकट्यालाच पाठवीन. अकरा जणांना पुढे ढकलू नका, आणि आल्या आल्या माइक बंद करा.