कललेली अक्षरं

पाचवीत माझ्या दप्तरात दोन वह्या असायच्या. दुरेघीत मराठी शुद्धलेखन, चौरेघीत इंग्रजी. दुरेघीत अक्षर जरा उजवीकडे झुकलं की बाई म्हणायच्या, "अरे, पडतंय ते, सावर त्याला!" आणि पुढच्याच तासाला इंग्रजीचे सर चौरेघीवर पट्टी आपटून म्हणायचे, "किती ताठ लिहितोस रे? जरा कलू दे की!" हात एकच, अर्ध्या तासात त्याने संस्कार तरी किती बदलावेत? परिणामी माझं मराठी किंचित कलतं आणि इंग्रजी अवघडून उभं राहतं.

कलण्याला ही प्रतिष्ठा मिळाली ती इटलीत. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचे निकोलो निकोली जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला उतरवून काढत. भराभर लिहायचं म्हटलं की अक्षर कलणार आणि शेजाऱ्याला चिकटणार, हे ओघानेच आलं. ते घाईचं वळण विद्वानांच्या पसंतीस उतरलं. व्हेनिसचे मुद्रक आल्डुस मानुटियस यांनी त्याच वळणाचे खिळे करवून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिलची कविता अथपासून इतिपर्यंत तिरप्या अक्षरांत छापली, सहज हातात मावेल अशा आकारात. ठसे कोरले होते बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी. घाईत लिहिलेलं दिसावं म्हणून पोलादावर एकेक अक्षर उलटं, इंचाच्या काही अंशात, श्वास रोखून कोरत बसायचं! एवढ्या निवांतपणे केलेली घाई मी दुसरी पाहिलेली नाही.

त्या पहिल्या पुस्तकांत एक गंमत आहे. लहान अक्षरं सगळी कललेली, पण कॅपिटल अक्षरं मात्र सरळ, उभी आणि बुटकी. वरातीत पोरंसोरं नाचत असावीत आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक आत्याबाई हाताची घडी घालून उभी असावी, तसं ते पान दिसतं. पुढे काही दशकांत आत्याबाईही कलल्या.

आल्डुसना या अक्षरांचा मक्ता व्हेनिसच्या सरकारने दिला, पण फ्रान्समधल्या लिऑनच्या मुद्रकांना त्याचं काय? त्यांनी खुशाल नकला छापल्या. १५०३ मध्ये चिडून आल्डुसनी जाहीर पत्रकच काढलं आणि नकली प्रती ओळखाव्यात कशा, हे सांगण्यासाठी त्यांतल्या छपाईच्या चुका एकेक करून दिल्या. लिऑनकरांनी ते शांतपणे वाचलं आणि तेवढ्या चुका दुरुस्त करून घेतल्या. फुकटात मुद्रितशोधक मिळाला! मी स्वतः काही काळ मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे या प्रसंगात माझी सहानुभूती नेमकी कुणाकडे हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ग्रिफोंचंही आल्डुसशी बिनसलं. मक्त्यावर नाव मालकाचं, कारागिराचं नाही. ते गाव सोडून गेले.

तेव्हा तिरपं अक्षर स्वतंत्र नांदत होतं. पुढे सरळ अक्षराशी त्याचं लग्न लावून दिलं गेलं आणि हळूहळू त्याच्या वाट्याला ग्रंथांची नावं, परभाषेतले शब्द, जहाजांची नावं आणि 'जरा जोर देऊन वाचा' एवढंच उरलं. हे जोडपं जमवणं किती नाजूक काम असतं ते १९२९ मध्ये दिसलं. मोनोटाइप कंपनीने ग्रिफोंच्याच जुन्या सरळ अक्षरावरून 'बेम्बो' हा टाइप काढला. जोडीला तिरपं अक्षर हवं म्हणून आल्फ्रेड फेअरबँक या सुलेखनकाराकडून घेतलं. निमुळतं, चपळ, अतिशय देखणं अक्षर. तिथेच अडलं. सरळ अक्षराशेजारी बसवलं की सगळ्यांची नजर त्याच्याकडेच जायची. शेवटी ते स्थळ मोडलं. बेम्बोला टालियेंते या जुन्या व्हेनिसकर लेखनगुरूंच्या वळणावरून काढलेलं एक शांत अक्षर मिळालं, आणि फेअरबँकचं अक्षर वेगळं विकलं गेलं. मला विचाराल तर त्याचं बरंच झालं.

पण खरं तिरपं अक्षर म्हणजे सरळ अक्षराला दिलेला धक्का नव्हे. सरळ टाइपातलं लहान 'ए' दुमजली असतं, तिरप्यात ते एकमजली होतं. 'एफ'चा पाय ओळीखाली उतरतो. म्हणजे हाडंच वेगळी. संगणकाला हे ठाऊक नसतं. फाँटमध्ये तिरपं अक्षर नसलं तरी बटण दाबलं की तो सरळ अक्षराला खांद्याला धरून वाकवतो.

देवनागरीचं तर तो हमखास हेच करतो. घरातल्या एका मुंजीच्या पत्रिकेत छापखान्यातल्या मुलाने सगळा मजकूर असा तिरपा केला. "स्टायलिश दिसतं काका," म्हणाला. शिरोरेघा जागच्या जागी आडव्या आणि खालचे सगळे काने एका बाजूला झुकलेले. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने एका दिशेला उडावेत तशी आमची सगळी वडीलधारी मंडळी त्या पत्रिकेत फडफडत होती.

घाईचं अक्षर आपल्याकडे नव्हतं असं थोडंच आहे? आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लोंबवत जायची, ती आपली मोडी. बाळबोध ग्रंथांना, मोडी कारभाराला. तिथे मात्र दोघींचे संसार वेगळेच राहिले. एका ओळीत त्यांना शेजारी बसवून सहसा कुणी जोर दिला नाही की परभाषेतला शब्द वेगळा काढला नाही. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली एक हिशेबाची वही आहे. मला तीतलं एक अक्षरही वाचता येत नाही. पण लिहिणाऱ्याला निघायची घाई होती, एवढं कळतं.