नोटीस बजावली, विषय संपला

प्रति,
जगभरच्या विमानतळांसाठी 'नोटाम' काढणाऱ्या समस्त कचेऱ्या

विषय : आपल्या कार्यपद्धतीबद्दल अभिनंदन, तसेच ती सुधारण्याच्या हालचालींस सक्त हरकत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला इसम आहे. हयातभर नोटिसा काढल्या. चावडीच्या फळ्यावर लावल्या, बंद घरांच्या दारांवर दोन पंचांसमक्ष डकवल्या. घरमालक मुंबईला, नोटीस गावच्या दारावर आणि आषाढातल्या पावसाने शाई उतरलेली. तरीही कागदोपत्री बजावणी पूर्ण! 'मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही' हे वाक्य मी आजही झोपेत लिहू शकतो. या विद्येत आमच्या खात्याचा हात कोणी धरणार नाही, असा माझा समज होता. तो आपण पार धुळीस मिळवलात.

माझी पुतणी एका खासगी कंपनीत वैमानिक आहे. गौरी-गणपतीला घरी आली तेव्हा तिने मला टॅबवर उड्डाणाआधी वाचायचे आपले 'नोटाम', म्हणजे वैमानिकांसाठीच्या नोटिसा, दाखवले आणि म्हणाली, "काका, तुम्हाला आवडेल, अगदी तुमच्या कचेरीसारखं आहे." एका उड्डाणासाठी कैक पानं, आणि सगळी वैमानिकाने निघण्यापूर्वी वाचलेली आहेत असं गृहीत. निघतो तो विमानतळ, उतरतो तो विमानतळ, तिथे जमलं नाही तर पर्यायी विमानतळ, वाटेतलं आकाश, सगळ्यांच्या नोटिसा एकापाठोपाठ. मी चष्मा लावून वाचायला बसलो आणि डोळे भरून आले. डोळे चोळल्यावरही वाक्याचा अर्थ लागेना, तेव्हा खात्री पटली की मसुदा उत्तम जमला आहे.

काय ती भाषा! सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, शब्दांतले स्वर काढून टाकलेले, रनवे म्हणजे 'आरडब्ल्यूवाय', बंद म्हणजे 'सीएलएसडी'. वर एक सांकेतिक ओळ असते, तिच्यात 'क्यूएमआरएलसी' असं लिहिलं की जाणकाराने 'धावपट्टी बंद' समजायचं. ही पद्धत दर्यावर्दींसाठी निघणाऱ्या सूचनांच्या धर्तीवर सुरू झाली आणि टेलिप्रिंटरवर वाढली. तिथे एकेका अक्षराची काटकसर करावी लागे, म्हणून शब्द छाटले. टेलिप्रिंटर गेले. आमच्याकडची तारसुद्धा जुलै 2013 मध्ये बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवशी लोकांनी तारघरापुढे रांगा लावल्या होत्या. आपण मात्र ती भाषा जिवंत ठेवलीत. आता ती टॅबच्या रंगीत पडद्यावर तितकीच अगम्य दिसते.

वेळेची रीत तर मी पुतणीकडून दोनदा समजून घेतली. वर्ष, महिना, दिवस, तास आणि मिनिटं असे दहा आकडे सलग, मध्ये रेघ नाही की टिंब नाही, आणि घड्याळ ग्रिनिचचं. मुंबईचंच घ्या. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. डागडुजीसाठी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्या एकेक दिवस बंद ठेवतात. 2 मे 2023 रोजी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 अशी बंदी होती. आपल्या ग्रिनिचच्या घड्याळात हेच साडेपाच ते साडेअकरा होतं. सांताक्रूझचा माणूस अकरा वाजता पट्टी बंद होणार म्हणून बसला आहे आणि कागद म्हणतो, साडेपाचला. वैमानिकांना याची सवय असते, असं पुतणी सांगते. सवय कशाचीही होते.

पण एक तक्रार आहे. मुंबईची ही नोटीस सहा महिने आधी निघते. विमान कंपन्या वेळापत्रकं बदलतात, प्रवाशांना कळवतात, बंदच्या दिवशी कोणी चकत नाही. महोदय, याला नोटीस म्हणत नाहीत. ज्याला कळवायचं त्याला वेळेत, नेमकं कळलं तर कचेरीचा दरारा राहील कसा?

खरं कसब पहायचं तर आपल्या मांडणीत. धावपट्टीच्या कडेला गवत कापणं चालू आहे. विमानतळाच्या परिसरात पक्षी आहेत (पक्षी कुठे नसतात?). कोसभर दूरच्या क्रेनवरचा दिवा लागत नाही. अमुक टॅक्सीवेचा, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेचा, रंग फिका झाला आहे. आणि यांच्या मधोमध, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच आवाजात : धावपट्टी बंद. आमच्याकडे लिलावाची तारीख गावजत्रेच्या परिपत्रकात घालणारे एक भाऊसाहेब होते. त्यांना मी गुरू मानत असे. आता नाही.

आपल्या कामगिरीचं शिखर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 7 जुलै 2017. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं उड्डाण 759, एअरबस ए-320, विमानात 140 माणसं, वेळ मध्यरात्रीच्या जरा आधीची. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत. त्यातली डावी त्या रात्री बंद होती, दिवे मालवलेले. नोटीस रीतसर काढलेली होती. 27 पानांच्या कागदपत्रांत आठव्या पानावर. डावी पट्टी दिसेना, तेव्हा वैमानिकांनी उजवीलाच डावी समजलं, आणि तिच्याही उजवीकडचा टॅक्सीवे म्हणजे आपली पट्टी असं धरून ते उतरू लागले. त्या टॅक्सीवेवर चार विमानं प्रवाशांनी भरून, उड्डाणाची वाट बघत रांगेत उभी होती. रांगेतला एक वैमानिक रेडिओवर ओरडला, दुसऱ्या एकाने आपल्या विमानाचे दिवे लावले. एअर कॅनडाचं विमान पुन्हा वर चढलं तेव्हा जमिनीपासून सुमारे 60 फुटांवर होतं. रांगेतल्या विमानांची शेपटं जवळजवळ तेवढीच उंच असतात.

चौकशीत कॅप्टन म्हणाला की बंदीची माहिती पाहिली होती. पण ऐन वेळी ती त्याच्या ध्यानात नव्हती, असं तपासणाऱ्यांना आढळलं. अहवालात वैमानिकांनी नोटिसा नीट न तपासल्याचा ठपका आला. इथवर सगळं आमच्या शिरस्त्याप्रमाणे. पुढे मात्र अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी 2018 च्या सुनावणीत जाहीरपणे सांगून टाकलं की या नोटिसा म्हणजे कचऱ्याचा ढीग आहे आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. हे गृहस्थ स्वतः पूर्वी विमान चालवत. घरभेदी म्हणतात ते हेच.

त्याआधीचा प्रसंगही अभ्यासण्याजोगा आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहॉफ, स्वतः मुरलेले वैमानिक, टेक्सासमधल्या एका छोट्या विमानतळावर बंद धावपट्टीवर उतरले. पट्टीवर मोठी फुली रंगवलेली होती आणि मजूर काम करत होते. नोटीस त्यांनी पाहिली नव्हती. आमच्या तालुक्यात असं एखाद्या आमदारानं केलं असतं तर मजुरांची बदली झाली असती. सिनेटरसाहेबांना प्रशिक्षण घ्यावं लागलं, आणि मग त्यांनी वैमानिकांच्या हक्कांचा कायदाच मंजूर करून घेतला, 2012 मध्ये. नोटिसांची पद्धत सुधारा, हेही त्यात होतं. सामान्य माणूस हरकत नोंदवतो. हा माणूस थेट कलम घालून गेला. आपण मात्र डगमगला नाहीत. पाच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोला आठवं पान होतं ना जागेवर?

सुधारणाच म्हणाल तर डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने एक करून दाखवली : 'नोटीस टू एअरमेन' हे नाव बदलून 'नोटीस टू एअर मिशन्स' केलं. 2025 मध्ये पुन्हा पहिलं नाव आणलं. दारावरची पाटी रंगवली की कचेरी सुधारली, हे आम्हीही मानतो.

मधल्या काळात 11 जानेवारी 2023 उजाडला. मुख्य नोंदी आणि त्यांची राखीव प्रत यांचा मेळ घालताना कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून चुकून फायली पुसल्या गेल्या आणि नोटिसांची यंत्रणा आडवी झाली. सबंध अमेरिकेतली विमानं सकाळी सुमारे दीड तास जमिनीवर. तेराशेच्या वर उड्डाणं रद्द, दहा हजारांच्या घरात उशिरा. महोदय, याहून मोठा गौरव कोणत्या दप्तराला मिळाला आहे? आदल्या दिवशीपर्यंत ज्यांना कचरा म्हणत होते, त्या नोटिसा दिसेनाशा झाल्या तर एक चाक हलेना. कारण वाचल्या जातात की नाही याची चौकशी कोणी करत नाही, पण त्या असायलाच हव्यात. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचं सार मला अमेरिकेने त्या सकाळी सांगितलं.

एक कागद मात्र माझ्याने विनोदावारी नेववत नाही. 14 जुलै 2014 रोजी युक्रेनने पूर्वेकडच्या आकाशात 32,000 फुटांपर्यंत बंदी घातली. कागदात उंची होती, मुदत होती. खाली लढाई चालू आहे आणि म्हणून ही बंदी आहे, असं लिहिलेलं नव्हतं. 17 तारखेला मलेशिया एअरलाइन्सचं उड्डाण 17 तिथून 33,000 फुटांवरून गेलं, नियमाप्रमाणे. क्षेपणास्त्राने ते पाडलं. 298 माणसं गेली. 'का' हा रकाना आमच्याही छापील नमुन्यांत फारसा नसे.

आमच्या देशात या कागदांना अलीकडे भलतेच दिवस आले आहेत. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने आणि भारताने एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं, आणि महिन्यामहिन्याने मुदत वाढत राहिली. बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्राची चाचणी व्हायची असली की नोटाम निघतो आणि वृत्तवाहिन्यांवर लाल नकाशे नाचू लागतात. ज्याच्यासाठी काढली तो वैमानिक सोडून सगळा महाराष्ट्र नोटीस वाचतो आहे. आमच्या आळीतल्या चहावाल्यालाही बंदीचा पल्ला किलोमीटरमध्ये पाठ आहे.

आता मूळ हरकत. नव्या पद्धतीत म्हणे वैमानिकाला त्याच्या वाटेपुरत्या, त्याच्या वेळेपुरत्याच नोटिसा दिसतील. बंद धावपट्टी सर्वांत वर येईल, गवत खाली जाईल. विमानतळाचा नकाशा असेल आणि बंद पट्टी त्याच्यावर लाल दिसेल. तीन महिन्यांहून जास्त लांबलेली नोटीस नवा क्रमांक घेऊन पुन्हा उभी राहणार नाही. कायमचा बदल असेल तर तो कायमच्या पुस्तकात जाईल. हा शेवटचा नियम तर आजही आहे. तो पाळण्याचा विचार चालू आहे हे ऐकून धक्का बसला. पुतणीचं म्हणणं, एवढं झालं तर उड्डाणाआधीची वीस मिनिटं ती हवामान आणि इंधनावर घालवील. तरुण आहे, तिला जबाबदारी म्हणजे काय ते ठाऊक नाही. पट्टी लाल दिसली आणि तरी कोणी उतरला, तर दोष कोणाचा हे लगेच कळेल. आणि पट्टी लाल करायचीच राहून गेली, तर तेही लगेच कळेल. आज ते 27 पानांत सुखाने झाकून राहतं.

सबब विनंती की, बदल करायचाच झाल्यास तशी सूचना रीतसर नोटामद्वारेच प्रसिद्ध करावी, सांकेतिक ओळीसह, गवतकापणीच्या खाली. म्हणजे ती अमलात आल्याचं निदान आपल्याच कचेरीत कोणाला कळणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून

प्रत माहितीस्तव सविनय सादर : सर्व वैमानिक. (पोच आवश्यक. वाचन ऐच्छिक.)