नानांची पेटी

नानांची होडी पंधरा फुटांची, मशीन पाच अश्वशक्तीचं आणि हत्यारांची पेटी दोघांनी मिळून उचलायची. ती पुढे ठेवली की होडी पाण्यात नाक खुपसते. म्हणून नाना पाहुण्यांना बोलावताना तब्येत नव्हे, वजन विचारतात. सत्तर किलोच्या पुढचा माणूस मागच्या फळीवर.

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी समोर दिसते. तिथे पोचायला लागत नाही एवढा वेळ निघायला लागतो. आधी सगळ्यांनी लाइफ जॅकेटं चढवायची आणि त्यांच्या शिट्ट्या वाजवून दाखवायच्या. (एकदा चार शिट्ट्या एकदम वाजल्या, तेव्हा किनाऱ्यावरची कुत्री पोटापर्यंत पाण्यात शिरली होती.) मग लाल फ्लेअरवरची मुदत मोठ्याने वाचायची. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर मशीनच्या झाकणावर, दोन्ही वल्ह्यांवर आणि काकूंच्या पोह्यांच्या डब्यावरही रंगवलेला आहे. होडीच्या बुडाला भोक एक. त्यासाठी लाकडी बुचं नऊ. लाकूड मऊच हवं, पाण्याने फुगून घट्ट बसतं, हे आता काकूसुद्धा झोपेत सांगतील.

पेटीत दहा-अकराचा, बारा-तेराचा असे सगळे पाने ग्रीसच्या फडक्यात, तान्ह्या बाळासारखे गुंडाळलेले. पण नानांचा खरा जीव पंख्याच्या पिनेवर. पंखा जाळ्यात किंवा खडकात अडकला की ती मऊ पिन आधी तुटते आणि गिअर वाचतो. नाना तिला ‘आपला बाजीप्रभू’ म्हणतात. असे बावीस बाजीप्रभू डबीत बसून आहेत, कारण खिंड कधी येतच नाही. नानांनी जपलेलं मशीन बंद पडायचं नावच घेत नाही, आणि हेच नानांचं दुःख! बाकीचे समुद्र बघतात, नाना कान मशीनकडे लावून एखाद्या अशुभ आवाजाची आशेने वाट बघतात. खांदेरीवर ठोकला की धातूसारखा वाजणारा एक दगड आहे. लोक थक्क होतात. नाना म्हणाले, “ढिला झालाय.”

गेल्या रविवारी परतताना मात्र एक मच्छीमार होडी मशीन बंद करून डुलताना दिसली. नानांचा चेहरा उजळला. साठ वर्षांच्या माणसाला इतक्या चपळाईने पेटी उघडताना मी प्रथमच पाहिलं. जवळ जाईपर्यंत तीन पाने, पक्कड आणि वायसरांचं अख्खं पाकीट बाहेर आलं होतं.

“काय झालं रे? पंप?”

“झाला ना शेट कवाच!” तांडेल हसला. पंपाचं वायसर गेलं होतं. त्याने पायातली रबरी चप्पल कापून नवं केलं होतं. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असा तो मशीन सुरू करून निघून गेला.

नाना वाटेत बोलले नाहीत. या रविवारी शिट्ट्या झाल्यावर त्यांनी सामानाची वही काढली. शेवटची नोंद ताज्या शाईची होती : ‘147. रबरी चप्पल, नऊ नंबर, फक्त डावी. उजवी घरी राखीव.’