कंपाउंडपलीकडून

"वहिनी, गॅस बंद करून या बघू. काल बागेत काय झालं ऐकलंत का?"

काकू अशा कुंपणाला टेकल्या की माझी पोळी करपलीच म्हणून समजा.

"कुठल्याशा कंपनीची माणसं आली होती ना?"

"दोन बसा भरून! हिरवे टीशर्ट, हिरव्या टोप्या. तासाभरात झाडं लावली, फोटो काढले, मिसळ हाणली, गेले. निम्म्या रोपांच्या काळ्या पिशव्यासुद्धा काढल्या नव्हत्या! माळीदादा संध्याकाळी एकेक रोप उपसून पिशव्या फाडत बसलेले."

"रोपं तरी कसली? पुन्हा गुलमोहरच?"

"नाही हो, खोटं कशाला बोलू! करंज, बहावा, ताम्हण, काटेसावर. सगळी आपल्याकडची. गुलमोहर मादागास्करचा, ते गिरिपुष्प मेक्सिकोकडचं. त्याला उंदीरमारी म्हणतात, माहितीये? आणि काटेसावर फुलू दे, मैना-बुलबुलांची नुसती झुंबड!"

"फुलेपर्यंत जगली पाहिजे ना."

"तेच! आमचे हे 2015 च्या 5 जूनला सातपूरला फाशीच्या डोंगरावर गेले होते. 'आपलं पर्यावरण' संस्थेनं हाक दिली होती; हजारो नाशिककर, दहा हजारांवर रोपं. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण त्या संस्थेच्या शेखर गायकवाडांनी पिच्छा सोडला नाही. भर उन्हाळ्यात पाणी घातलं त्या मंडळींनी. आता देवराई म्हणतात तिला."

"आणि आपल्या तपोवनात? कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी 1,800 च्या आसपास झाडं काढायची म्हणून 2025 च्या नोव्हेंबरात केवढं रामायण झालं!"

"रामायणाच्याच जागेत! पाच वडांवरून जिचं नाव पडलं, त्या पंचवटीला लागून. वर म्हणे, बदल्यात 15,000 झाडं लावू."

"म्हणजे एका सासूच्या बदल्यात आठ सुना!"

"त्यातल्या नांदणार किती?" काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरल्यावर आवाज खाली आणला. "ऐका ना. पावसानं दडी मारलीय. बागेतला नळ फाटकापाशी, रोपं पार त्या टोकाला. माळीदादा बादल्या वाहून दमले. तुमचा तो लांब पाइप द्याल का आठ दिवस?"

"काकू, तो गेल्या दिवाळीत तुम्हीच नेलात. गाडी धुवायला."

"अगंबाई!" म्हणत काकू आत गेल्या. मीही गेले. पोळीचा पार पापड झाला होता.